सतराव्या पट्ट्याचा ताण

ला सेरेना,
४ मे, रविवार

प्रिय कोमाद्रे,

तुला आणि आईंना माझ्याकडून आणि माइतेकडून गालावर एकेक मुका. आईंचा गुडघा कसा आहे? थंडी सुरू झाली की तो बोलायला लागतो, तेव्हा तिकडे कोन्सेप्सियोनच्या पावसात त्याचं भाषण जोरात चालू असणार. इथे आठवडाभर समुद्रावरून धुकं येऊन बसलंय, दुपारी दोनपर्यंत हलत नाही. वाळत घातलेले कपडे संध्याकाळी जास्त ओले निघतात.

कागदावरचं पत्र बघून हसशील. रोज प्रकल्पाच्या मेलवर एकमेकींना फायली पाठवणाऱ्या आपण, आणि ही बया बसच्या पार्सलने पाकीट धाडते! पण त्या मेलला कान आहेत असं तूच म्हणतेस. आणि फोनवर तुझा आवाज आला की मला जे विचारायचं असतं ते राहून जातं आणि आपण तासभर भलत्याच गप्पा मारतो. म्हणून कागद.

माइते आता माझ्याहून दोन बोटं उंच झाली. चौदा वर्षांची होईपर्यंत कुणी एवढं वाढतं का? नोव्हेंबरात तिचा दृढीकरणाचा संस्कार आहे. बाजूला उभं राहायला कोण हवं असं पाद्रींनी विचारलं तेव्हा हिने माझ्याकडे न बघता सांगून टाकलं, "माझी मादरिना आहे ना." म्हणजे तू. बाप्तिस्म्याच्या पाण्यावर जिने धरलं तीच पुन्हा हवी, असा तिचा हिशेब. त्याच पाण्याने तर आपल्या दोघींना कोमाद्रे केलं, एक तिची आई आणि एक तिची धर्ममाता.

मागच्या बुधवारी तिच्या वर्गात जावं लागलं. बाईंनी पालकांना बोलावून "तुम्ही काय काम करता" हे मुलांना सांगायला लावलंय. माझ्या आधी एका मुलाचे वडील बोलले, ते कोकिंबोच्या धक्क्यावर मासळी उतरवून घेतात. त्यांनी एक खराखुरा खेकडा आणला होता. त्या खेकड्यानंतर माझी पाळी, म्हणजे विचार कर. मी म्हटलं, "मी खोट्या आकाशगंगा बनवते." सगळा वर्ग हसला आणि माइते बाकाखाली काहीतरी शोधायला लागली.

मग मी सांगितलं. आमची दुर्बीण डोंगरावरून दक्षिणेच्या आकाशाचे फोटो काढते. त्यात कोट्यवधी आकाशगंगा, तांदळाच्या कणीएवढे पुसट डाग. त्यांचा प्रकाश इथे पोचेपर्यंत वाटेतल्या न दिसणाऱ्या वस्तुमानामुळे ते डाग जरासे ताणले जातात, कुठे आडवे, कुठे उभे. तो ताण मोजला की मधे काय दडलंय ते कळतं. मोजायला दोन प्रोग्रॅम आहेत, एक माइतेच्या मादरिनाचा, दुसरा प्रोफे निबाल्दोंचा, ज्यांनी आम्हा दोघींना शिकवलं. पण ते बरोबर मोजतात हे कसं कळणार? खऱ्या आकाशाचं उत्तर तर कुणालाच माहीत नाही. म्हणून मी कॉम्प्युटरवर खोट्या आकाशगंगा तयार करते, आकाशाच्या चोवीस पट्ट्यांत प्रत्येकी वेगळा ताण देते आणि खऱ्या फोटोंत बेमालूम मिसळून टाकते. मोजणाऱ्यांना काहीच सांगत नाही. त्यांनी उत्तर द्यायचं, मग ते माझ्या उत्तराशी ताडून बघायचं.

पहिल्या बाकावरची एक ठेंगणीठुसकी मुलगी म्हणाली, "म्हणजे तुम्ही आमच्या बाईंसारखी परीक्षा घेता."

"तसंच."

"आणि उत्तरं फुटली तर?"

मी हसले. जरा जास्तच हसले असेन, कारण माइतेने बाकाखालून डोकं वर काढून बघितलं.

बाकी काय. प्रोफेंकडे जाऊन आले, विकुन्याला. एल्सिराबाईंनी चहाबरोबर एवढे पाव आणि कुस्करलेला अवोकाडो समोर ठेवला की रात्री जेवले नाही. प्रोफे बरे आहेत. वहीत काही ना काही लिहीत असतात. तुझी चौकशी केली, "लोरेतोचा प्रोग्रॅम लावला का खऱ्या आकाशावर?" म्हणून विचारलं. जानेवारीत त्यांनी इमारतीचा पास टेबलावर ठेवला आणि निघून गेले, त्यानंतर त्यांनी कामाबद्दल विचारलेली ही पहिलीच गोष्ट.

हो, कामावरून आठवलं. एक किरकोळ गोष्ट हवी होती. जानेवारीत आपण उत्तरं उघडली तेव्हा तेवीस पट्ट्यांत तुम्हा दोघांचंही बरोबर होतं. फक्त सतराव्यात प्रोफेंना उभा ताण आला आणि तुला आडवा, आणि माझ्या यादीत आडवा होता. तर त्या सतराव्या पट्ट्याचा तुझ्या प्रोग्रॅममधून निघालेला मूळ निकाल, अगदी पहिला, न सजवलेला, तुझ्याकडे असेलच. तेवढा कागदावर काढून पाठव. मला नव्या खेपेसाठी बघायचाय. घाई नाही.

पण लवकर पाठव.

तुझी कोमाद्रे,
यास्ना


ला सेरेना,
२३ मे, शुक्रवार

प्रिय लोरेतो,

तुझं पत्र मिळालं. तीन पानं. आईंच्या गुडघ्यावर दीड पान, पावसावर अर्धं, तुमच्या विद्यापीठातल्या नव्या डीनच्या टोपावर एक (त्यावर मी हसले, ते कबूल करते). आणि शेवटी, सहीच्या वर, एक ओळ: "सतराव्याची ती फाईल जुन्या मशीनवर होती, ते मशीनच गेलं."

मशीन गेलं! पहिल्या वर्षाला असतानाची बसची तिकिटं बुटांच्या खोक्यात वर्षवार लावून ठेवणारी तू. तुझ्याकडून काही हरवलंय असं मी वीस वर्षांत एकदाच ऐकलं, ती छत्री होती आणि ती मीच हरवली होती.

तर आता सरळ लिहिते. गुळमुळीत लिहायचा प्रयत्न मागच्या पत्रात करून झाला.

१९ मार्चला मी नव्या खेपेची तयारी करत होते. जुन्या फोटोंसोबतच्या नोंदी वाचत होते, कंटाळवाणं काम, तुला माहीत आहे. त्यात दिसलं की गेल्या वर्षी दुरुस्तीनंतर कॅमेरा परत बसवला तेव्हा तो पाव फेरा वळवून बसवला होता. अकरा दिवस तसाच होता, मग सरळ केला. त्या अकरा दिवसांत एकच पट्टा काढून झाला. सतरावा. आणि मी खोट्या आकाशगंगा मिसळताना तो पाव फेरा लक्षातच घेतला नव्हता. कॅमेरा वळलेला, म्हणजे मी आडवा म्हणून घातलेला ताण आकाशाच्या हिशेबाने उभा पडला.

चूक माझ्या यादीत होती. फोटोंत उभाच ताण होता. प्रोफे बरोबर होते.

मी उठून कॉफीच्या मशीनपाशी गेले आणि कॉफी न घेताच परत आले. मला आधी प्रोफेंसाठी आनंद व्हायला हवा होता, नाही का? तो झालाच नाही. त्याच्या आधी दुसरी गोष्ट डोक्यात येऊन बसली: मग लोरेतोला आडवा कसा आला? जो ताण फोटोंत नव्हताच तो तिला दिसला कुठे? जगात एकाच ठिकाणी तो आडवा लिहिलेला होता, माझ्या बंद यादीत. तू माझी चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवलीस.

तरी मी तुझ्या बाजूने भांडले गं, स्वतःशीच. म्हटलं, योगायोग असेल. म्हटलं, तिच्या प्रोग्रॅममध्येही काही पाव फेऱ्याची भानगड असेल. यादी कुणी उघडली होती का ते तपासलं. कुणीही नाही, माझ्याशिवाय. चार दिवस मी तुझी माफी मागायच्या बेतात होते, मनातल्या मनात संशय घेतला म्हणून. मग शाळेने माइतेचं लसीचं जुनं कार्ड मागितलं. ते शोधून काढलं, उघडलं, वरच छापलेलं होतं: जन्माचं वजन २८७० ग्रॅम. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले.

यादी उघडायची तुला गरजच नव्हती. बीज माहीत असलं की पुरे. मिसळायचा माझा प्रोग्रॅम प्रकल्पात सगळ्यांना खुला आहे. गुप्त असतो तो फक्त सुरुवातीचा आकडा, तेच बीज. तो आकडा घातला की कॉम्प्युटर तेच खोटं आकाश पुन्हा उभं करतो, सगळ्या उत्तरांसकट. म्हणून तर नियम आहे की बीज यंत्राने काढायचं आणि कुणी बघायचंही नाही. आणि मी? अकरा वर्षं एकच आकडा घालते आहे. माइतेची जन्मतारीख आणि तिला जोडून तिचं वजन. आपल्यात सगळेच असलं काहीतरी करतात, कुणी कुत्र्याचा वाढदिवस घालतं, तू आजीच्या घराचा नंबर घालायचीस. परीक्षेच्या कामात तरी ते करायला नको होतं. हा माझा गुन्हा, आणि तो मी तुझ्यावर ढकलत नाही.

पण तारीख साऱ्या गावाला माहीत असेल. वजन कुणाला माहीत होतं? मला, त्या नर्सला आणि तुला. तिचा बाप वर खाणीत होता आणि फोन उचलत नव्हता. तू होतीस. नर्स म्हणाली, "दोन हजार आठशे सत्तर," आणि तू म्हणालीस, "एवढंसंच? माझी मांजर हिच्याहून जड आहे." मला टाके घालत होते आणि मी हसत होते, आणि डॉक्टर ओरडत होते की हलू नका. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला अर्धा तास आहे. तू त्यातला आकडा घेतलास आणि त्याने माझं कुलूप उघडलंस.

केसाने गळा कापलास, लोरेतो. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुला कोणत्या शिव्या देऊ? तुझ्या आणि माझ्या शिव्या एकच आहेत, आपण त्या एकाच वसतिगृहात शिकलो.

आता माझं सांगते, कारण ते मागच्या पत्रात मी टाळलं. "प्रोफे बरे आहेत" असं लिहिलं होतं ना? ते बरे नाहीत.

ईस्टरच्या आधीच्या शनिवारी गेले होते. गाडी अंगणात आच्छादन घालून उभी. प्रोफेंची गाडी, जी ते स्वतःच्या बायकोलाही हात लावू देत नाहीत. स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता एल्सिराबाईंनी हळू आवाजात सांगितलं.

"डॉक्टरकडे नेलं होतं. यांनीच हट्ट धरला, डोक्याची तपासणी करा म्हणून. घड्याळाचं चित्र काढायला लावलं, काढलं. उलटे आकडे म्हणायला लावले, म्हटले. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, घरी जा. तर हे मला म्हणतात, 'एल्सिरा, मला आडव्या-उभ्यातला फरक कळेनासा झालाय. मी गाडी चालवणार नाही, कुणालातरी मारीन.' आता मी या वयात गाडी शिकू का?"

बाहेर आल्यावर प्रोफेंनी वही दाखवली. सतरावा पट्टा. प्रोग्रॅमवर विश्वास नाही म्हणून हाताने करतायत, एकेक डाग घेऊन. नववी वेळ.

"यास्नीता," ते म्हणाले, "पुन्हा उभाच येतो. मी सगळं तपासलं. चूक कागदावर दिसत नाही, म्हणजे ती माझ्यात असणार. तू तरुण आहेस, तू बघ."

मला तेव्हा खरं कळून महिना झाला होता. समोर वही, वहीत बरोबर उत्तर, नऊ वेळा. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "प्रोफे, चहा निवतोय."

आणि बसून चहा प्यायले. दोन पाव खाल्ले. घरी आले.

स्वतःला सांगितलं की मी लोरेतोला वाचवते आहे. खोटं. मी स्वतःलाच वाचवत होते. माझी चूक सांगायची तर बीजाचंही सांगावं लागेल, आणि बीजाचं सांगितलं की अकरा वर्षांच्या कामावर पाणी. तू मला फसवलंस आणि मी प्रोफेंना. फरक इतकाच की तू त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हतीस, मी बघत होते. तो फरक कुणाच्या बाजूचा आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

१२ जूनला, गुरुवारी, इथे प्रकल्पाच्या समितीची बैठक आहे. तू येणार आहेस. त्याच्या आधी मला दोन गोष्टी लिही. एक, का. आणि दुसरी, सतराव्याचा तुझा खरा निकाल. तिकिटांच्या खोक्यात बघ, मिळेल.

यास्ना


ला सेरेना,
९ जून, सोमवार

लोरेतो,

या वेळी गुडघा नाही, पाऊस नाही. त्याबद्दल आभार.

तू लिहिलंस ते इथे उतरवते, म्हणजे मी तुझ्या तोंडी भलतं काही घातलं असं व्हायला नको. तुझ्या प्रोग्रॅमने सतराव्यात उभाच दाखवला होता. चार वेळा चालवलास, चारही वेळा उभा. बाकीच्या तेवीस पट्ट्यांत ताण एकेका पट्ट्याने हळूहळू बदलत जात होता आणि हा एकटा उलटा. तुला वाटलं, प्रोग्रॅम बिघडलाय, सहा वर्षं वाया, आणि गटातली चार मुलं तुझ्या तोंडाकडे बघतायत. मग वाटलं, यास्ना अजून तोच जुना आकडा घालते का बघू. "नुसती गंमत म्हणून, तुला नंतर चिडवायला." आकडा लागला. यादी पडद्यावर आली. सतराव्यापुढे आडवा. "एकदा बघितलं आणि मग न बघितल्यासारखं करता येईना." म्हणून तू एका ठिकाणचं चिन्ह बदललंस, उभ्याचा आडवा झाला. एवढंच.

हे वाचून मी रडले, रागाने आणि दुसऱ्याही कशाने. तुझं लिहिणं मला खरं वाटतं. गंमत म्हणून, हेही खरं वाटतं, कारण तू तशीच आहेस.

आणि मग तुझी सूचना. मी बैठकीत फक्त कॅमेऱ्याच्या पाव फेऱ्याचं सांगायचं. प्रोफेंचं नाव स्वच्छ होईल. तू तुझा निकाल "जुन्या आवृत्तीतला दोष" म्हणून मागे घेणार. बीजाचा विषय कुणी काढायचा नाही, माझी नोकरी राहील, तुझा गट राहील, माइतेची मादरिना राहील. "कुणाचंच नुकसान नाही, यास्ना."

मोह झाला. तीन दिवस मी तुझं ते पान पर्समध्ये घेऊन फिरले. भाजीवाल्यापाशी उभी राहून वाचलं. अगदी जमण्यासारखं होतं.

काल विकुन्याला गेले आणि प्रोफेंना सांगितलं. तुझ्याबद्दल नाही, फक्त माझ्याबद्दल. कॅमेरा, पाव फेरा, माझी यादी, आणि मला मार्चपासून माहीत होतं, तेही. ते द्राक्षाच्या मांडवाखाली बसले होते, पानं सगळी गळलीयत. त्यांनी वहीतलं सतराव्याचं पान उघडलं. मग म्हणाले,

"म्हणजे उभाच होता?"

"उभाच होता, प्रोफे."

"नऊ वेळा?"

"दहा वेळा केलं असतंत तरी."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मार्चपासून का बोलली नाहीस, हे त्यांनी विचारलं नाही. मी त्याची वाट बघत होते, उत्तर पाठ करून गेले होते. एल्सिराबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी मात्र माझ्याकडे असं बघितलं की ते मला पुरेल. मग प्रोफेंनी एकदम विचारलं,

"लोरेतोने जानेवारीत आडवा दिला, पण आधी तिला किती आलं होतं? तिचा प्रोग्रॅम माझ्याहून बारीक मोजतो. तिलाही उभाच आला असणार."

"ते तिलाच विचारा."

"आला असणारच," ते म्हणाले. "मग तिने मला फोन का नाही केला? दोघांना उभा आला असता तर आपण एका दिवसात शोधून काढलं असतं, तुझा कॅमेरा. त्यासाठीच तर दोन प्रोग्रॅम ठेवतात."

ते रागाने बोलत नव्हते, लोरेतो. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. आणि मी तिथे बसून पहिल्यांदा नीट समजले की तू काय केलंस. इतके दिवस मी समजत होते की तू माझी उत्तरं चोरलीस. तू तुझं स्वतःचं बरोबर उत्तर फेकून दिलंस आणि माझं चुकीचं घेतलंस. परीक्षा फक्त तुझी नव्हती. माझीही होती. मी चुकले तर तुम्हा दोघांपैकी कुणीतरी म्हणायचं होतं, "यास्ना, तुझी यादी चुकली." प्रोफेंच्या निकालाने ते म्हटलं. तू म्हणाली असतीस तर कुणाचा पास टेबलावर पडला नसता, कुणी घड्याळाची चित्रं काढली नसती. तुझा प्रोग्रॅम चांगला होता. सहा वर्षं तू उत्तम काम केलंस आणि चार वेळा त्याने तुला खरं सांगितलं. तू विश्वास ठेवलास तो माझ्यावर. असल्या विश्वासाचं मी काय करू, सांग.

म्हणून तुझी सूचना मला चालणार नाही. ज्या फोटोंत उभा होता त्यांतून तुला आडवा कसा आला, हा प्रश्न प्रोफेच विचारतील, गुरुवारी, सगळ्यांसमोर, अगदी साधेपणाने. ते येणार आहेत. मीच बोलावलंय. त्यांच्या समोर तू "जुनी आवृत्ती" म्हणणार आणि मी शेजारी बसून मान डोलावणार? एकदा मी त्यांना चहा निवतोय म्हणाले. दुसऱ्यांदा मला जमायचं नाही.

बुधवारी उतरायला घरी येऊ नकोस. स्टँडपाशी हॉटेलं आहेत. माइते तुझ्यासाठी तिची खोली आवरते आहे, तिला मी आज सांगेन. तिचं वजन कशाला वापरलं तेही सांगेन, कारण ते तिचं आहे. नोव्हेंबरात बाजूला कोण उभं राहणार ते तिचं ती ठरवेल. मी तिला एका बाजूने किंवा दुसऱ्या बाजूने ढकलणार नाही, एवढं तुला वचन देते. वचनं देण्याइतकी आपली ओळख अजून आहे.

गुरुवारी मी पहिली बोलेन. कॅमेऱ्याची चूक, मग बीज, मग मार्च ते जूनचं गप्प बसणं, सगळं माझ्या तोंडाने. चोवीसच्या चोवीस पट्टे बाद करा म्हणेन आणि माझ्या जागी दुसरं माणूस नेमा म्हणेन. वजन कुणाचं आणि आणखी कुणाला माहीत होतं, ते मी सांगणार नाही. तिथे मी थांबेन. खोलीत कुणीच काही बोलणार नाही, सगळे कागदांकडे बघत बसतील, तुला माहीत आहे आपली माणसं कशी आहेत. त्या वेळात तू बोललीस तर ते तुझं बोलणं असेल, आणि मी तुझ्या शेजारी बसलेली असेन. नाही बोललीस तर मी पुन्हा उठेन आणि राहिलेलं सांगेन.

मी पाण्याचा पेला भरून घेईन, तो सावकाश पिईन आणि खाली ठेवीन. तेवढा वेळ आहे.

तेवढ्या वेळापुरती तुझी,
यास्ना